मे महिन्याचं पान

आमच्या घरात असा एक समज आहे की कालव्यातलं जे काही असेल ते मला कळतं. हा समज पसरवणारा मीच. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा कालवा निरीक्षक म्हणून, आणि माणूस एकदा निरीक्षक झाला की निवृत्तीनंतरही त्याची निरीक्षणं थांबत नाहीत. नंदनवन या आमच्या वस्तीतल्या गल्लीत नळाला पाणी कमी आलं तरी लोक माझ्याकडे येतात. मी गंभीर चेहरा करून नळाकडे पाहतो, मान हलवतो, आणि ते समाधानाने घरी जातात. पाणी आपलं यायचं तेव्हा येतं.

म्हणून या फेब्रुवारीत, सगळ्यांनी मिळून केरळात कालव्यातल्या बोटीवर दोन दिवस राहायला जायचं ठरलं, तेव्हा पाणी हे खातं न विचारता माझ्याकडे आलं. पण आधी कौसल्येचं सांगितलं पाहिजे, कारण हे सगळं तिच्यासाठी होतं.

कौसल्या माझी बायको. गेल्या वर्षी धंतोलीतल्या एका दवाखान्यात तिच्या हृदयाची झडप बदलली. अकरा दिवस तिथे होतो, चार ऑपरेशनच्या आधी आणि सात नंतर. तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. चित्रात दोन्ही काठांना नारळाची झाडं, मधून अरुंद कालवा, पाण्याने काठोकाठ भरलेला, आणि त्यात चटईच्या छपराची एक बोट. बोटीत माणूस मात्र दिसत नव्हता.

"ह्या डोंग्यातले लोक कुठं गेले असतीन?" कौसल्या रोज विचारायची.

"जेवून झोपले असतीन आत," मी म्हणायचो.

ऑपरेशनच्या सकाळी तिने डोळे मिटून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी उठली तं मले त्या डोंग्यात बसवा."

"बसवतो," मी म्हणालो. त्या क्षणी तिने विमान मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. अडतीस वर्षांच्या संसारात तिने तोंड उघडून मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली शिलाई मशीन होती, तीही आमच्या मुलाच्या, नागसेनच्या, शाळेच्या कपड्यांसाठी.

ती उठली. मी डॉक्टरांचे आभार मानले, नर्सबाईंचे मानले, रक्त देऊन गेलेल्या दोन अनोळखी माणसांचे मानले, आणि शेवटी लिफ्टवाल्याचेही मानले, तेव्हा तो बिचारा घाबरला. घरी यायच्या दिवशी कौसल्येने नर्सबाईकडून ते कॅलेंडर मागून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारामागे ते लावलं. पुढे महिने गेले, वर्षही बदललं, पण तिने पान काही उलटलं नाही.

सहलीची योजना केली ती आमच्या सुनेने, मेघाने. ती शाळेत विज्ञान शिकवते. कुठलंही काम तुकडे करून, त्या तुकड्यांना नंबर देऊन, ते माणसांत वाटल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आमच्यापैकी कोणीच कधी बोटीत बसलेलं नव्हतं, म्हणून तिने सगळं मुळापासून काढलं. मोठ्या बोटी रुंद पाण्यातच फिरतात, त्यांना लहान कालव्यात शिरता येत नाही, तेव्हा आपल्याला दोन खोल्यांची लहान बोट हवी. संध्याकाळी मासेमार जाळी टाकतात, म्हणून बोटी पाचच्या सुमाराला काठाला बांधून ठेवतात, तेव्हा जे पाहायचं ते दिवसा पाहून घ्यायचं. टणक सुटकेसी आत मावत नाहीत, कापडी पिशव्या न्यायच्या. आईंच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या निम्म्या एका पिशवीत, निम्म्या दुसऱ्या, कारण एक पिशवी पाण्यात पडू शकते. हा कागद तिने फ्रिजवर चिकटवला.

नागसेनकडे सुट्टी मिळवणं आलं. नात दीक्षा नऊ वर्षांची. तिच्याकडे लाइफ जॅकेटची मापं आली. तिने शिलाईचा टेप घेऊन सगळ्यांच्या छात्या मोजल्या. माझी मोजताना म्हणाली, "आबा, पोट आत नका घेऊ. बुडताना कोणी पोट आत घेते का?"

कौसल्येला मेघाने काहीच काम दिलं नव्हतं. तिने ते स्वतःच काढलं. बोटीत चढताना पाय उचलावा लागतो हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. रोज सकाळी न्हाणीघरातलं लाकडी स्टूल ओसरीवर आणून, भिंतीला हात न लावता, ती त्यावर चढायची आणि उतरायची. पहिल्या आठवड्यात दोनदा, मग पाचदा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, चढायला नाही, पण तिला अडवायची माझी छाती नव्हती.

रेल्वेची तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. जायचं मेच्या सुट्टीत, म्हणून तिकिटं काढायचा आमचा मुहूर्त होता वीस मार्च.

आता माझ्या खात्याचं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सगळे बसलो होतो. मेघाने विचारलं, "बाबा, पाण्याचं काय? मे महिना चालेल ना?" मी चष्मा पुसला. एकतीस वर्षं मी एकच कालवा पाहिला. त्यात रब्बीसाठी पाण्याच्या पाळ्या सुटायच्या, आणि होळी झाली की तो कोरडा पडायचा. मे महिन्यात आम्ही त्यात उतरून गाळ काढायचो, पोरं क्रिकेट खेळायची.

"मे महिन्यात कालव्याले पाणी नाही राहत," मी म्हणालो. "दिवाळीनंतर पाळी सुटते. तेव्हाच जाऊ."

"पण बाबा, फोटोत तर..."

"फोटो हिवाळ्यातले असतीन."

हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. निरीक्षकाची चूक म्हणा, पण इथवर ती प्रामाणिक होती. मेघाला ते पटलं नाही. तिने बोटवाल्याचा नंबर माझ्यापुढे ठेवला, "त्यालाच विचारून घ्या."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन मी फोन लावला. पाण्याची पाळी कधी आहे, गेट कधी उघडतात, मे महिन्यात पातळी किती असते, असं रीतसर विचारलं. बोटवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, पानी किधर जाएगा? बाजू में समुंदर है. बारा महिना पानी."

मी खाली आलो. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"तोही तेच म्हणते," मी म्हणालो. "मे महिन्यात पाणी नाही."

आता हे खोटं मी का बोललो, ते सांगतो. खरं म्हणजे मला पाण्याची भीती वाटते. मला पोहता येत नाही. एकतीस वर्षं कालव्याच्या काठाकाठाने चाललो, पण पाण्यात पायाचा अंगठा घातला नाही. आधी ती नुसती शहरी माणसाची भीती होती. एकोणीस वर्षांपूर्वी, एका पाळीत, नऊ वर्षांची एक मुलगी भांडं धुताना घसरली. आमचा कालवा एका ठिकाणी नाल्याच्या खालून नळीतून जातो, त्याला सायफन म्हणतात. तिथल्या जाळीला ती अडकली होती. वरचं गेट बंद करून पाणी उतरेपर्यंत दुपार झाली. मी आणि माझ्या हाताखालचा चौकीदार कवडू, आम्ही दोघांनी तिला बाहेर काढलं. तिच्या वेणीची रिबीन सुटली नव्हती.

मी घरी हे कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. कौसल्येने तेव्हा काही विचारलं नव्हतं. फक्त म्हणाली होती, "आंघोळीले पाणी ठेवू का?" आणि ठेवलं होतं.

बोटवाला 'बारा महिना पानी' म्हणाला तेव्हा मला दीक्षाच्या हातातला तो टेप दिसला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं.

मेघाने निमूटपणे फ्रिजवरचा कागद काढला. नागसेन म्हणाला, दिवाळीत बघू. दीक्षा म्हणाली, "मंग सगळ्याइच्या छात्या पुन्हा मोजा लागतीन." कौसल्या तेवढी कोणाकडे न पाहता म्हणाली, "राहू द्या न बाप्पा. मलेच पाण्याचं भेव वाटून राहिलं होतं. बरंच झालं."

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला गेलो तर लाकडी स्टूल न्हाणीघरात होतं. तिसऱ्या दिवशीही तिथेच. स्वयंपाकघराच्या दारामागे नुसता खिळा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते मला साठीनंतर कळलं.

शेवटी पेन्शनचं काम आहे असं सांगून मी खाप्याची बस पकडली.

कवडू आता खाप्याला असतो. तो ढिवर, मासेमारांच्या घरातला, कन्हान नदीच्या काठावर वाढलेला. खात्यातली नोकरी संपल्यावर पुन्हा जाळं आणि डोंगा घेऊन बसला. मला पाहून तो लगबगीने उठला आणि खुर्ची शोधायला लागला.

"खुर्ची नको गा," मी म्हणालो. "मले डोंग्यात बसायचं आहे."

"कुठं जाचं हाय साहेब?"

"कुठंच नाही. नुसतं बसायचं."

कवडू हसला नाही. तो हसणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने मला हाताला धरून चढवलं आणि बांबूने डोंगा काठापासून ढकलला. मार्च लागला होता, नदी बरीच आटली होती, पण डोहात पाणी खोल आणि हिरवं होतं. मी दोन्ही बाजूंच्या फळ्या गच्च धरून बसलो.

"लाकूड सोडा साहेब," कवडू म्हणाला. "तुम्ही त्याले धरायची गरज नाही. त्यानंच तुमाले धरलं हाय."

"सोडतो. थांब जरा."

"एकतीस वर्सं पाणी मोजलं तुम्ही. पाण्यावर एक डाव बसले नाही."

मग माझ्याच तोंडून निघालं, "कवडू, तुले ते सायफनवालं लेकरू आठवते का?"

बांबू थांबला. "आठवते नं. कसं नाही आठवन?" मग म्हणाला, "बाईनंबी विचारलं होतं."

"कोणत्या बाईनं?"

"आपल्या कौसल्याबाईनं. तिसऱ्या दिवशी बसनं आल्या होत्या चौकीवर. म्हणे, कवडूभाऊ, साहेब दोन दिवसांपासून जेवून नाही राहिले, काय झालं ते सांगा. मी सारं सांगतलं. तिथंच कालव्याच्या पारीवर बसून रडल्या. मंग जाताना म्हणाल्या, मी आली होती हे साहेबाले सांगू नका. त्याइले सांगावंसं वाटन तवा ते सांगतीन." कवडूने बांबू पुन्हा पाण्यात टाकला. "एकोणीस वर्सं नाही सांगतलं साहेब. आज तुम्हीच विषय काढला."

एकोणीस वर्षं. आमच्या खात्यातल्या लोकांच्या बायका थंडीत कालव्यावर सहलीला यायच्या, डबे आणायच्या. कौसल्येने एकदाही म्हटलं नाही की मला तुमचा कालवा दाखवा. मला वाटायचं, हिला माझ्या कामात रस नाही. तसं मी एकदा तिला बोलूनही दाखवलं होतं. तेही तिने ऐकून घेतलं. आणि परवा, भर घरात, माझी भीती तिने स्वतःच्या नावावर लावून घेतली.

डोहाच्या मधोमध मला रडू आलं. माझ्या आयुष्यात हे माणूस आहे, आणि गेल्या मे महिन्यात ते जाता जाता राहिलं, एवढंच मला दिसत होतं. डोळे पुसायला मी हात उचलले तेव्हा माझ्या लक्षात आलं की लाकूड सुटलं आहे. कवडू दुसऱ्या काठाकडे पाहत होता.

घरी आलो तेव्हा कौसल्या स्वयंपाकघरात खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो.

"मे महिन्यात पाणी राहते," मी म्हणालो. "बारा महिने राहते. बोटवाल्यानं मले सांगतलं होतं. मी खोटं बोललो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुले कसं माहीत?"

तिने तांदळाच्या डब्याखालून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं आणि माझ्यापुढे उघडलं. नारळाची झाडं, काठोकाठ पाणी, चटईची बोट. खाली तारखा होत्या, आणि वर लिहिलं होतं, मे.

"मी मे महिन्यातच दवाखान्यात होती," ती म्हणाली. "अकरा दिवस हेच पान पाहिलं. ह्या डोंग्याखाली तुमाले क्रिकेट दिसते का?"

खरं तर मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण सवय जात नाही. मी म्हणालो, "कौसल्या, कॅलेंडरवरचं चित्र त्याच महिन्यात काढलेलं राहत नाही..."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबलो.

"मंग तवाच काहून नाही बोलली?"

"तुम्ही भेले होते," ती सुपातला एक खडा वेचत म्हणाली. "भेलेल्या माणसाले चार लोकांत कायले उघडं पाडायचं? माह्यासाठी दवाखान्यात तुम्ही कमी भेले का? मी डोळे उघडले तवा तुमचा सदरा उलटा होता. घरी येईपर्यंत उलटाच होता."

मला हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मी कवडूकडे गेलो होतो. त्यानं सांगतलं, तू चौकीवर आली होती ते." तिचा हात थांबला. मी पुढे म्हणालो, "मी लिफ्टवाल्याचे आभार मानले वं. तुह्ये कधीच नाही मानले. तू नसती तं मी त्या कालव्यावर राहूच शकलो नसतो. तुह्ये लय उपकार आहेत माह्यावर."

"उपकार-बिपकार बोलू नका," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. "आंघोळीले पाणी ठेवू का?"

"ठेव."

ती उठायला लागली तेव्हा मी माझी योजना सांगून टाकली. ती मी बसमध्ये पक्की केली होती. "तुम्ही चौघं जा मे महिन्यात. दीक्षाले जॅकेट राहीन, नागसेन आहे, मेघा आहे. मी घर पाहतो."

कौसल्या पुन्हा खाली बसली. चित्रातल्या रिकाम्या बोटीवर तिने बोट ठेवलं.

"तुम्ही रोज सांगायचे, यातले लोक जेवून झोपले असतीन. मले वाटायचं, ते आपण दोघंच आहो. तेच पाहत पाहत मी अकरा दिवस काढले." तिने कॅलेंडरची घडी घातली. "एकटीसाठी मी नव्हतं मागतलं. तुम्ही नाही तं मीबी नाही. पण जबरदस्ती नाही. तुमाले जमन तसं करा."

पुढच्या दोन आठवड्यांत मी खाप्याला तीनदा गेलो. पहिल्या खेपेला एक हात सोडून बसलो. दुसऱ्या खेपेला दोन्ही सोडले, पण डोळे मिटून. तिसऱ्या खेपेला कवडूने मला पाण्यात हात घालायला लावला. पाणी गार होतं. ती मुलगी आठवली, आणि तरी मी हात काढला नाही.

एकोणीस मार्चला संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. सायफनचंही सांगितलं, दीक्षाला खेळायला पाठवून. मेघाने उठून आतून तो कागद आणला आणि पुन्हा फ्रिजवर चिकटवला. तिने तो फेकलाच नव्हता. नागसेन म्हणाला, "खात्यात असते तं चुकीच्या रिपोर्टवर बाबा सस्पेंड झाले असते." आणि माझा फोन उचलून त्याने माझ्या हातात दिला.

"तिकीट उद्या सकाळी आठला उघडते," मेघा म्हणाली. "बोटीचं आत्ताच पक्कं करा बाबा. तुमच्याच खात्यात आहे."

मी सगळ्यांसमोर फोन लावला. कौसल्या दाराशी बसून दुसऱ्या दिवशीच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

बोटवाल्याने मला लगेच ओळखलं. पाळी विचारणाऱ्या साहेबांना तो बहुधा विसरला नसावा. "पानी है साब," तो आधीच म्हणाला.

"मालूम है," मी म्हणालो. "मई में आना है."

"कितना आदमी?"

सुपातला आवाज थांबला. मी तिकडे पाहिलं. कौसल्येचा हात तांदळावर तसाच ठेवलेला होता.

"पाच," मी म्हणालो.

तिकडून त्याने पुन्हा विचारलं, कारण मी मराठीत बोललो होतो. मग मी त्याला हिंदीत सांगितलं, नीट, मोठ्याने. दाराशी तांदूळ निवडणं पुन्हा सुरू झालं.